हिमनदीसमोरची एकादशी

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि ही गोष्ट अर्धी टाकून उठलात तर एक बाप आणि त्याची लेक बर्फाच्या पाण्यात तशीच राहतील. गोष्ट अलास्कातली आहे, पण आहेत सगळी आपलीच माणसं. ऐकताना तळहाताला घाम फुटला नाही तर माझ्याकडे या आणि जाब विचारा.

श्रीरंग खांबेटे मूळचे साताऱ्याचे. राहायचे ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, तेलाच्या पाइपलाइनींचे इंजिनिअर. अमेरिकेत येऊन पाव शतक होत आलं होतं. टाय लावायला शिकले, हायवेवर ड्राइव्ह करायला शिकले, पण एक वेड काही सुटलं नाही. कीर्तन! टेक्सासभर कुठेही, कुणाच्याही लिव्हिंग रूममध्ये भारतातून आलेले बुवा उभे राहणार असं कळलं की हे गाडी काढायचे. प्लेनोला कीर्तन असलं तर शुक्रवारी ऑफिसातून परस्पर निघायचे आणि त्यांची छोटी लेक वीणा मागच्या सीटवर झोपून जायची. तिथे पोचलं की सगळ्यांच्या पुढे, सतरंजीवर, मांडी घालून. आरती होऊन प्रसाद हातात पडेपर्यंत त्यांना तिथून उठवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

ती वीणा आता तेवीस वर्षांची होती. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला खडक आणि हिमनद्या शिकत होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. एकोणीसशे शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं हट्ट धरला, "बाबा, नुसते फोटो बघून काय? कम विथ मी." सहा दिवसांची अलास्काची सहल, कयाक नावाच्या निमुळत्या, वल्ह्यांच्या नावांतून, हिमनद्यांच्या खाडीत. बरोबर वाटाड्या. आई, म्हणजे पद्मिनीबाई, पाण्याला घाबरायच्या. त्या राहिल्या घरी. पण विमानतळावर लेकीचा दंड धरून म्हणाल्या, "त्यांना इन्सुलिन चालू आहे हे विसरू नकोस. टोचून झालं की पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. आणि ते 'खाल्लं' म्हणाले तरी ताटात बघ."

"आई, ही इज अ ग्रोन मॅन."

"ग्रोन आहेत गं. शहाणे आहेत असं मी म्हटलंय का?"

वाटाडी होती रूथ. पन्नाशीची, उन्हावाऱ्यानं रापलेली, तिथल्याच एका मासेमाराची मुलगी. बोलायची सगळं इंग्रजीत, पण आपण ते आपल्या भाषेत ऐकू या. एक नाव तिची, एक बापलेकीची, आणि तिसरी नाव होती विस्कॉन्सिनच्या वॉल्टर आणि एडना या निवृत्त शिक्षक जोडप्याची. नावा कापडी अंगाच्या, लाकडी सांगाड्याच्या, आत ऐसपैस. दोघांच्या नावेत पुढे बसणाऱ्यानं वल्ही मारायची. मागच्यानं वल्ही तर मारायचीच, शिवाय पायाखालच्या दोन पट्ट्यांनी सुकाणू फिरवायचं. वजनदार माणूस मागे, म्हणून बाबा मागे. सामान त्यांच्या पाठीमागे, नावेच्या शेपटीत कोंबलेलं.

यात एक मेख होती. पुढे बसलेल्या माणसाला मागचा दिसत नाही. मान कितीही वळवली तरी वल्ह्याचं टोक दिसेल, चेहरा दिसायचा नाही. वीणाला बाबा म्हणजे पाठीमागून येणारा एक आवाज होता, बस्स.

आणि आवाज सारखा यायचा. पहिल्या दिवसापासून बाबांनी वल्ह्यांना ठेका दिला होता. तोंडानं नाम, हातानं वल्हं. वीणा त्या ठेक्यावर मारायची. पाण्यात तरंगणाऱ्या बर्फात जुनी हवा कोंडलेली असते. बर्फ वितळला की ती तडतड करत सुटते. खाडीभर तो आवाज. बाबा म्हणाले, "ऐक, शंभर माणसं टाळ धरून बसल्येत." बर्फाच्या लादीवर सील आपल्या पिलांना घेऊन पडलेले असायचे, तेही माना वर करून बघायचे. बाबा त्यांनाही हात जोडायचे. वीणा लाजून म्हणायची, "बाबा, प्लीज. एडना इज वॉचिंग."

"बघू दे की. तिलाही म्हणावंसं वाटेल."

आता चौथा दिवस ऐका, कारण गोष्ट तिथे आहे.

त्या दिवशी एकादशी होती. घरी असते तर पद्मिनीबाईंनी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरईचा भात असं पोटभर केलं असतं आणि इन्सुलिनचं काही बिघडलं नसतं. बाबांनी इथेही राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर आणले होते. पण तो मुलूख अस्वलांचा. रूथचा नियम कडक होता, खाण्याचा कणसुद्धा तंबूत राहायचा नाही. टॉफी नाही, खोकल्याची गोळी नाही. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत, डबे रात्री तंबूंपासून लांब, आणि सकाळी तिच्या नावेत. बाबांच्या लाडवांची पिशवीसुद्धा तिच्याच डब्यात.

सकाळी भरती फिरायच्या आत निघायचं म्हणून रूथची घाई चालली होती. बाबांनी तंबूत नेहमीसारखं इन्सुलिन टोचून घेतलं, कारण ते काही खाणं नव्हे. बाहेर आले तर सगळ्यांसाठी ओटची लापशी. धान्य! ती कशी चालणार? आणि लाडवांचा डबा रूथच्या नावेच्या तळाशी जाऊन बसलेला, त्यावर तंबू, त्यावर भांडी. मागायचा म्हणजे तिनं अख्खी नाव रिकामी करायची. बाबांना भीड पडली. उगाच त्या बाईला त्रास कशाला, दुपारी थांबलो की दोन लाडू खाऊ, एवढ्यानं काय होतंय. वीणा तंबूची घडी घालत होती. बाबांनी आपली वाटी हळूच वॉल्टरच्या वाटीत ओतली. वॉल्टरला भूक दांडगी, तो खूश.

"बाबा, डिड यू ईट?"

"खाल्लं गं."

वीणानं वाटीत बघितलं. वाटी रिकामी होती. ती निश्चिंत झाली.

हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकलं. वीणाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी खाडी एका काठावरून दुसऱ्या काठावर पार करायची होती. खाडीच्या टोकाशी हिमनदी थेट समुद्रात उतरलेली, निळ्या बर्फाची उभी भिंत, दहा मजली इमारतीएवढी. तिच्यासमोरून जायचं, पण चांगलं लांबून. रूथनं चारचारदा बजावलं होतं, "भिंतीच्या जवळ जायचं नाही. तो कडा कधी कोसळेल ते त्यालाही माहीत नसतं. कोसळली की लाट येते. लाट आली की नावेचं तोंड लाटेकडे, आणि वल्ही थांबवायची नाहीत."

निम्मं पाणी कापलं आणि वॉल्टरच्या सुकाणूची तार तुटली. नाव गोल फिरायला लागली. रूथ त्यांना दोर बांधून मागच्या काठाकडे ओढत निघाली. जाताना ओरडली, "वीणा, समोर तो काळा सुळका दिसतोय? तिथे जाऊन थांबा. मी यांना ठेवून आलेच."

फार लांब नव्हता सुळका. ऊन होतं, वारा नव्हता. बापलेक निघाले. पण पाणी फिरलं, आणि बर्फाच्या लाद्यांचा एक लांबच लांब पट्टा सरकत सरकत दोन नावांच्या मध्ये आला. वीणानं मान वळवली तेव्हा रूथ दिसेनाशी झाली होती.

आणि तेवढ्यात वल्ह्यावर वल्हं आदळलं. खट्.

चार दिवसांत असं झालं नव्हतं. वीणा हसली. "बाबा, यू मिस्ड अ बीट!"

मागचं नाम थांबलं होतं. मग नाम पुन्हा सुरू झालं, पण धिम्या लयीत. मग घाईघाईनं. खट्. पुन्हा खट्. या माणसाचा ठेका चुकतो? ताप असतानाही टाळ्या वाजवून कीर्तनाला साथ करणारा माणूस हा.

"बाबा, आर यू टायर्ड?"

"छे."

नावेचं तोंड डावीकडे वळायला लागलं. सुळका उजवीकडे. डावीकडे हिमनदी.

"बाबा, राइट. गो राइट."

नाव आणखी डावीकडे.

"बाबा! द रॉक इज ऑन द राइट!"

"ऐकू आलं का?" बाबा म्हणाले. आवाज जड, जीभ तोंडात मावत नसल्यासारखा. "सुरू झालं. टाळ वाजतायत बघ. बुवा उभे राहिले. हाण लवकर, पुढं जागा धरू."

वीणाला वाटलं चेष्टा करतायत. ती म्हणाली, "व्हेरी फनी." पण बाबा हसले नाहीत. विनोद केला की आधी स्वतः हसायचे ते.

"बाबा, व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?"

समोर निळी भिंत किंचित मोठी झाली होती.

"असं काय विचारतेस," बाबा रुसल्यासारखे म्हणाले. "एकादशी आहे ना आज."

इन्सुलिन टोचलेलं, पोट रिकामं, आणि सकाळपासून वल्ही मारतायत. रक्तातली साखर उतरत चाललेली. आईनं एकदा समजावून सांगितलं होतं, आधी घाम, मग बडबड, मग हट्ट, मग शुद्ध जाते. हट्टापर्यंत पोचले होते. साखर हवी होती, चमचाभर साखर! लाइफ सेव्हर्सच्या गोड गोळ्या होत्या तिच्याकडे, पण रूथचा नियम पाळून तिनं त्या डब्यात टाकल्या होत्या आणि डबा रूथच्या नावेत, बर्फाच्या पलीकडे. उठून मागे जाऊन सुकाणू हाती घ्यावं तर नाव उलटणार. आणि त्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात थोड्याच वेळात त्याचे राहत नाहीत.

तिनं गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. डोंगरांनी तिला तिचीच शिट्टी परत केली. लादीवरचे सील धपाधप पाण्यात सरकले. उत्तर आलं नाही.

तिनं उजवीकडे वळवायला डाव्या बाजूनं लांब वल्हं ओढलं. नाव वळेना. सुकाणू बाबांच्या पायात, आणि पाय भिंतीकडे नेत होते. ती आपल्याच बापाशी झुंजत होती आणि बाप जिंकत होता.

"बाबा, स्टॉप! टेक युअर फीट ऑफ द पेडल्स! राइट नाऊ!"

"हळू बोल," बाबा दटावून म्हणाले. "लोक ऐकतायत."

ती पुन्हा ओरडली. मग रडत ओरडली. इंग्रजी शब्द त्यांच्या अंगावरून पाण्यासारखे ओघळून जात होते. मनानं ज्या कीर्तनाच्या घरात आत्ता ते बसले होते त्या घरात इंग्रजी कुणी बोलत नव्हतं. भिंतीतून एक लांब कण्हणं निघालं, जुनं दार उघडताना निघावं तसं. बर्फाचा भुगा भुरभुरत खाली आला.

वीणानं ओरडणं थांबवलं. एक श्वास घेतला. आणि फोनवर आजीशी बोलायची त्या मोडक्यातोडक्या मराठीत ती म्हणाली, "बाबा, पुढे जागा नाहीये."

"आहे. मला दिसतीये."

"नाही. तिथे बायका बसल्यात. सगळं भरलंय. बुवा म्हणाले, आलेल्यांनी आहे तिथेच बसा. चालू कीर्तनात पुढे नाही जायचं."

हा नियम बाबांचाच. त्यांच्याच तोंडून तिनं तो शंभरदा ऐकला होता.

बाबा विचारात पडले. वल्हं थांबलं.

"इथंच बसायचं?"

"हो. इथंच. छान ऐकू येतं. बाबा, मांडी घाला ना. तुम्ही मांडी नाही घातली अजून."

मागे धडपड झाली. नाव डुगडुगली. वीणानं वल्हं पाण्यावर आडवं दाबून धरलं आणि डोळे मिटून घेतले. नावेत मांडी कसली पडते? पण गुडघे वर आले, पावलं मागे ओढली गेली, आणि पट्ट्यांवरचा जोर सुटला. नाव एकदम हलकी झाली, धरून ठेवलेलं वासरू सोडावं तशी. वीणानं वल्हं मारलं आणि तोंड उजवीकडे फिरायला लागलं.

तेवढ्यात तोफ उडाली.

तोफच वाटावी असा आवाज. भिंतीचा एक अख्खा कडा आधी सावकाश, मग घाईनं खाली बसला. पाणी पांढरं होऊन उसळलं. पक्ष्यांचा थवाच्या थवा किंचाळत वर उठला. आणि पाण्यावर एक काळी रेघ उमटून ती त्यांच्या दिशेनं निघाली. रेघेवर बर्फाच्या लाद्या वर चढत होत्या, खाली उतरत होत्या.

तोंड लाटेकडे. म्हणजे ज्या भिंतीपासून पळायचं तिच्याकडेच तोंड करायचं. वीणानं मुश्किलीनं वळवलेली नाव पुन्हा उलटी वळवली.

"बाबा, गजर म्हणा! बुवा म्हणाले गजर करा!"

मागे शांतता.

"बाबा! म्हणा ना!"

"दमलो गं," मागून कुजबुजल्यासारखं आलं. "जरा पडतो."

"नाही पडायचं! कीर्तनात झोपतात का? तुम्हीच मला चिमटा काढायचात! म्हणा!"

आणि बाबा म्हणेनात म्हणून तिनंच सुरू केलं. लोकांसमोर कधी तोंड न उघडलेली, टाळ्या वाजवतानाही लाजणारी मुलगी ती. बेसूर, थरथरत्या, फाटक्या आवाजात नाम घेऊ लागली, आणि एक ओळ झाली की थांबायची. कीर्तनात थांबतातच तसं, लोकांनी मागे म्हणावं म्हणून. लाट आली. नावेचं नाक आभाळाकडे गेलं. बर्फाचा एक गाडीएवढा तुकडा हातभर अंतरावरून घासत गेला. वीणा म्हणत होती, वल्ही मारत होती, थांबत होती. नाव धाडकन खाली आली. तोंडावर पाणी. पुन्हा वर. ती थांबली.

मागून अस्पष्ट, अर्ध्या मात्रेनं मागे पडलेलं, पण आलं. बाबांनी ओळ उचलली होती.

मग एवढंच काम उरलं. ती म्हणायची आणि कान मागे लावायची. ओळ आली की बाप जिवंत. उशीर झाला की ती किंचाळायची, "म्हणा!" आणि ओळ यायची. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान.

लाटा ओसरल्या. तिनं दोन ओळींच्या मध्ये शिट्टी फुंकली. आणि बर्फाच्या पट्ट्यातल्या एका फटीतून रूथची नाव बाहेर आली. ती बाई वल्ही मारत नव्हती, पाणी फाडत होती. शिट्टी ऐकून निघालेली रूथ बर्फात वाट शोधता शोधता त्या गाण्याच्या रोखानं आली होती.

"काय झालं?"

"शुगर! ही नीड्स शुगर! ही टुक हिज इन्सुलिन अँड डिडन्ट ईट!"

रूथनं एक शब्द वाया घालवला नाही. नावेला नाव लावली, आपलं वल्हं दोन्हींवर आडवं टाकलं आणि बाबांच्या शेजारी आपली नाव घट्ट धरली. पायाशी ठेवलेला थर्मास काढला. थंडीनं गारठलेल्या माणसासाठी ती रोज सकाळी तो भरून ठेवायची. गरम पाण्यात विरघळवलेलं जेलो, म्हणजे जेलीची पूड. चेरीचं, लालभडक, पाकासारखं गोड.

वीणाला पुढे बसून वास आला आणि तिनं तो ओळखला. जेलो म्हणजे जिलेटिन, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं. लहानपणी प्रत्येक बर्थडे पार्टीला जाताना आई बजावायची, जेलो खायचं नाही, मार्शमेलो खायचं नाही. जन्मात अंड्याला न शिवलेला बाप, दिवस एकादशीचा. "दुसरं काही नाही?" हे शब्द तिच्या ओठांवर आले. दुसरं सगळं दोरांनी बांधलेलं, डब्यांत, तळाशी. तिनं ते शब्द गिळले.

"तोंड घट्ट मिटलंय यांनी," रूथ म्हणाली. "मान हलवतायत. वीणा, मी जबरदस्तीनं ओतलं तर ठसका लागेल. तू बोल यांच्याशी. डोळे मिटतायत, लवकर."

वीणाला वळून बघता येत नव्हतं. ती समोरच्या निळ्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, आरती झाली."

काही नाही.

"बाबा, तीर्थ आलंय. तीर्थ घ्या."

थोडा वेळ नुसती बर्फाची तडतड. मग रूथ गोंधळून म्हणाली, "हात पुढे केलाय यांनी. उजवा. तळवा खोलगट करून. काय करू मी?"

"पोअर इट! इनटू द हँड!"

"हातात?"

"येस! द हँड!"

रूथनं ओतलं. "प्यायले," ती म्हणाली. मग, "अगं, हात डोक्याला पुसतायत. केसांना लावतायत सगळं!"

"दॅट्स फाइन! पोअर अगेन!"

रूथनं पुन्हा ओतलं. पुन्हा. तिसऱ्यांदा डोक्याला हात पुसून बाबांनी हात मागे घेतला आणि छातीशी जोडला. तीर्थ तीनदाच घ्यायचं असतं.

"पुढे करत नाहीत आता," रूथ म्हणाली. "वीणा, हे काहीच नाही गेलं. तीन घोट. कपभर तरी हवंय."

वीणानं ओठ चावला. खोटं एकदा बोललं की दुसऱ्याला वेळ लागत नाही. "बाबा, आता प्रसाद. पंचामृताचा पेला आहे. मावशी घेऊन उभ्या आहेत केव्हाच्या. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. पेल्यात टाकायचंही नसतं. तुम्हीच सांगता."

रूथनं कप भरून बाबांच्या ओठांना लावला. मग घोटाचा आवाज. मग दुसरा. रूथ लहान मुलाला भरवावं तशा आवाजात काहीतरी पुटपुटत होती. कप रिकामा झाला, तिनं दुसरा भरला. दोन नावा एकमेकींना धरून बर्फात तरंगत राहिल्या. आणि कधीतरी मागून बाबांचा आवाज आला, थकलेला पण त्यांचा स्वतःचा, "वीणा? आपण सुळक्याला पोचलो का?"

वल्ह्यावर डोकं टेकून ती हमसाहमशी रडत होती.

काळ्या सुळक्यामागच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर रूथनं खाण्याचे डबे उतरवले, स्टोव्ह पेटवला, बाबांना दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळलं आणि मग तिचा बांध फुटला. "खाल्लं नाही तर सांगायचं! माझ्या सहलीत पोटाबद्दल खोटं बोलणं म्हणजे तंबूत अस्वल लपवण्यासारखं आहे. तुमची ती पिशवी का मागितली नाहीत?"

"तुम्हाला सगळी नाव उपसावी लागली असती," बाबा खाली बघत म्हणाले.

"दहा वेळा उपसली असती," रूथ म्हणाली, आणि वॉल्टर-एडनाला आणायला परत पाण्यात उतरली.

बापलेक दोघेच राहिले. बाबांनी चिकट केसांतून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. "चेरी," ते म्हणाले. "या रूथला पंचामृत कुठून मिळालं गं?"

गप्प राहिली असती तर चाललं असतं. त्यांना अर्धवटच आठवत होतं. वीणा समोर येऊन बसली आणि आता गरज नसतानाही त्यांच्याशी मराठीतच बोलली. "ते पंचामृत नव्हतं, बाबा. जेलो होतं."

बाबांचा चेहरा उतरला. ते उठले, लटपटत पाण्यापर्यंत गेले, ओंजळ भरली. चूळ भरणार, वीणाला वाटलं. ओंजळ तशीच धरून ते उभे राहिले. पाणी बोटांतून गळून गेलं. मग परत आले.

"देवाचं नाव घेऊन फसवलंस मला."

"हो." वीणानं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "आणि परत तशी वेळ आली तर परत फसवीन."

बाबा स्टोव्हकडे बघत राहिले. "आणि मी? त्याच्यासाठी उपास धरला आणि तुझ्याशी खोटं बोलून दिवस सुरू केला. वाटी वॉल्टरला दिली मी." ते थांबले. "हा उपास त्याच्यापर्यंत पोचला असेल का गं? मला नाही वाटत. तुझी हाक मात्र पोचली. नाहीतर ती बाई त्या बर्फातून आलीच नसती."

मग नाक पुसून म्हणाले, "ती लापशी उरलीय का बघ. काय ते ओट. बस अशी समोर, आणि वाटीत बघत राहा. तुझ्या आईला सांग, बघितलंस म्हणून."

"आईला मी सगळं सांगणार आहे."

"सगळं?"

"सगळं."

"मग जास्त घाल लापशी," बाबा म्हणाले. "बळ लागेल."

एकादशीच्या दिवशी, हिमनदीसमोर, श्रीरंग खांबेट्यांनी धान्य खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खात होते. पुढे तसा उपास त्यांनी कधी धरला नाही. टोचून झालं की न्याहारी, तिथी कुठलीही असो. एकादशीला मात्र पहिल्या घासाआधी ते हात जोडतात आणि देवाच्या पाठोपाठ एक नाव घेतात. त्या घरात ते नाव आता आरतीसारखंच पाठ आहे.

त्या बाईला एकादशी ठाऊक नव्हती, तीर्थ ठाऊक नव्हतं. एका परक्या माणसानं तळवा पुढे केला आणि तिनं फार विचारत न बसता त्यात ओतलं, तो डोक्याला पुसत होता तरी ओतलं. आता उठाल, घरी जाल, पानावर बसाल. तेव्हा पहिला घास उचलायच्या आधी क्षणभर थांबा, आणि त्या रूथची आठवण काढा.